फायर वॉर्डन प्रशिक्षण: खानदेशातील कारखाने, जिनिंग, गोदामे आणि कार्यालयांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील मालक, व्यवस्थापक, सुपरवायझर आणि मुकादम आपल्या कर्मचाऱ्यांना फायर वॉर्डन म्हणून तयार करताना जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे इथे आहेत. जिनिंग (कापसातून सरकी वेगळी काढणारे कारखाने), डाळ मिल, प्लास्टिक आणि मिरचीची गोदामे डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहेत. बँक, रुग्णालय, शोरूम किंवा कार्यालयालाही त्यातला बराचसा भाग लागू पडतो.

फायर वॉर्डनचे नेमके काम काय? आग विझवणे?

नाही. वॉर्डनचे पहिले काम आपल्या भागातली माणसे बाहेर काढणे. दुसरे काम, "माझ्या भागात कोणी राहिले नाही" किंवा "दोन माणसे सापडत नाहीत, शेवटी मागच्या गोदामात दिसली होती" हे खात्रीने सांगणे. विझवण्याचा प्रयत्न त्यानंतर, तोही आग लहान असेल आणि पाठीमागे बाहेर पडायची वाट मोकळी असेल तरच.

हा क्रम आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी प्रशिक्षण म्हणजे आग विझवण्याचा लाल सिलिंडर फोडून दाखवणे एवढेच होते. पन्नास जण सिलिंडर चालवायला शिकतात आणि आत कोण अडकले आहे हे कोणालाच सांगता येत नाही. अग्निशमन दलाचे जवान आल्याआल्या पहिला प्रश्न तोच विचारतात. खात्रीचे उत्तर मिळाले नाही, तर रिकाम्या शेडमध्ये माणसे शोधायला त्यांना जिवावर उदार होऊन शिरावे लागते.

नगरपालिकेचा बंब आहे, मग वॉर्डन कशाला?

बंब येईपर्यंतच्या वेळेसाठी. आपल्याकडे पुष्कळ जिनिंग आणि गोदामे शहराबाहेर, महामार्गालगत किंवा तालुक्याच्या रस्त्यावर आहेत. बंब तालुक्याच्या ठिकाणाहून निघतो, वाटेत रेल्वे फाटक लागते, बाजाराचा दिवस असतो. मोठी आग असेल तर शेजारच्या नगरपालिकांचे बंबही मागवावे लागतात. रुई, प्लास्टिक किंवा बारदान पेटले, तर काही मिनिटांतच शेड धुराने भरते. त्या मिनिटांत जे काही करायचे, ते तिथे हजर असलेल्यांनाच करावे लागते.

किती वॉर्डन नेमावेत?

सर्वसाधारण प्रथा अशी आहे: कार्यालयासारख्या कमी धोक्याच्या जागी ५० माणसांमागे एक, मध्यम धोक्याच्या जागी २० मागे एक आणि कापूस, रसायने, प्लास्टिक असल्या जागी १५ मागे एक. हा हिशेब त्या त्या पाळीत हजर असलेल्या माणसांवर करायचा. कारखान्यात वॉर्डन बारा आहेत, पण बाराही दिवसपाळीचे, अशी यादी रात्री दोन वाजता कामाची नाही. शिवाय प्रत्येक वॉर्डनला एक बदली वॉर्डन हवा. दिवाळी, अक्षय्य तृतीया आणि लग्नसराईत निम्मे लोक गावी असतात, हे यादी करताना लक्षात ठेवा.

कोणाला निवडायचे?

ज्याचे लोक ऐकतात आणि जो दिवसभर त्याच जागी असतो, त्याला. मोठ्या साहेबांना नेमू नका. ते बैठकीला बाहेर असतात आणि आग लागली की फोनवर अडकतात. हमालांचा मुकादम, लाइन सुपरवायझर, स्टोअरकीपर, वॉचमन हे चांगले वॉर्डन होतात. महिला कामगार असतील तिथे किमान एक महिला वॉर्डन असावीच. महिलांचे स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्याची खोली बेधडक तपासता आली पाहिजे.

दमा किंवा हृदयविकार असलेल्याला हे काम देऊ नये. मशिन बंद केल्याशिवाय जागा सोडता येत नाही अशा ऑपरेटरलाही देऊ नये.

प्रशिक्षणाला किती वेळ द्यावा आणि त्यात काय असावे?

एक पूर्ण दिवस. अर्ध्या दिवसात उरकायचे म्हटले की प्रात्यक्षिकालाच कात्री लागते.

सकाळी दोन तास बसून: आग कशी पेटते व पसरते, आगीचे प्रकार (ए घन पदार्थ, बी द्रव, सी वायू, डी धातू), कोणत्या आगीवर काय चालते, आपल्या जागेचा नकाशा, कोणी कोणाला कळवायचे. ही विभागणी भारतीय मानकाची आहे. इंटरनेटवरच्या अमेरिकी व्हिडिओत "सी" म्हणजे विजेची आग असते, त्यामुळे लोकांचा गोंधळ उडतो. तो तिथल्या तिथे दूर करावा.

नंतर दीड तास प्रत्यक्ष फिरून. हा भाग टाळू नका. प्रत्येक वॉर्डनने आपल्या भागातले दोन्ही दरवाजे स्वतः उघडून बघायचे, मेन स्विच कुठे आहे तो हाताने दाखवायचा, हायड्रंटचा (आगीसाठीच्या पाण्याच्या नळाचा) व्हॉल्व्ह फिरवून बघायचा. याच फेरीत मागच्या शटरला कुलूप निघते आणि किल्ली कोणाकडे आहे ते कोणालाच माहीत नसते. सिलिंडरपुढे पोत्यांची थप्पी निघते. जे सापडेल ते लिहून त्याच दिवशी मालकाच्या हाती द्यावे.

दुपारनंतर सिलिंडर व होजचे (पाणी मारण्याच्या पाइपाचे) प्रात्यक्षिक आणि शेवटी माणसे बाहेर काढण्याचा एक पूर्ण सराव.

सिलिंडरचे प्रात्यक्षिक कसे घ्यावे?

साधारण ३ × ३ फुटांचा लोखंडी ट्रे मोकळ्या मैदानात ठेवा. तळाला दोन-तीन इंच पाणी, वर चार-पाच लिटर डिझेल आणि पेटण्यापुरते थोडे पेट्रोल. लांब दांड्याच्या पलित्यानेच पेटवा. भरलेला एक जादा सिलिंडर आणि पाण्याची लाइन बाजूला तयार ठेवा. गरम ट्रेमध्ये पुन्हा तेल ओतू नका. प्रात्यक्षिकात भाजण्याचे प्रसंग बहुधा इथेच घडतात: आग विझलेली दिसते, ट्रे तापलेला असतो, कॅनमधून ओतताना वाफ पेट घेते आणि ज्वाला कॅनपर्यंत येते.

शिकवायची कृती अशी. वारा पाठीवर घ्या. पिन ओढण्याआधी हँडल दाबू नका, दाब आला की पिन अडकते. पिन ओढा, नोझल ज्वालेच्या शेंड्यावर न धरता बुडाशी धरा, हँडल दाबा आणि झाडू मारल्यासारखे डावी-उजवीकडे फिरवत पुढे सरका. ६ किलोचा एबीसी (ए, बी, सी या तिन्ही आगींवर चालणारा) पावडर सिलिंडर साधारण तीन-चार मीटरवरून मारायचा. तो अवघ्या १५-२० सेकंदांत रिकामा होतो. हे सेकंद प्रत्येकाला स्वतः मोजायला लावा. सिलिंडर पाच मिनिटे चालतो अशी बहुतेकांची समजूत असते.

सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या सिलिंडरचा, मारा दीड-दोन मीटरच पोहोचतो. त्याचा हॉर्न नुसत्या हाताने धरला तर बर्फासारखा गोठून कातडी चिकटते, म्हणून दांड्यालाच धरावे. लहान बंद खोलीत सीओटू मारला की लगेच बाहेर या, तिथे श्वास कोंडतो.

विझल्यावर पाठ फिरवू नका. आगीकडे तोंड ठेवून मागे या.

जिनिंगमध्ये कापूस पेटला तर काय करायचे? पावडर मारली तर कापूस आणखी पसरतो, हे खरे का?

खरे आहे, आणि खानदेशातल्या वॉर्डनला हे सगळ्यात आधी कळले पाहिजे. सुट्या रुईवर किंवा सरकीसहित कापसाच्या गंजीवर पावडर किंवा सीओटूचा जोरदार झोत मारला की पेटलेले पुंजके उडून दुसरीकडे पडतात. पावडरीने वरची ज्वाला जाते, आत धुमसणारा विस्तव तसाच राहतो. कापसाला पाणी लागते आणि तेही फवाऱ्याने. कापूस वरवर पाणी झटकतो, म्हणून पाण्यात थोडा साबण किंवा डिटर्जंट मिसळला तर ते आत लवकर मुरते. २०० लिटरचा ड्रम, शेजारी बादल्या आणि लांब आकडे हे साधे सामान जिनिंगमध्ये महागड्या सिलिंडरांइतकेच कामाचे आहे.

पण पाण्याच्याही आधी ब्लोअर बंद झाला पाहिजे. ठिणगी बहुतेक वेळा कापसात आलेल्या खिळ्याने, दगडाने किंवा तापलेल्या बेअरिंगमुळे मशिनमध्ये पडते. ब्लोअर चालू राहिला तर ती पाइपातून थेट रुईच्या हॉलमध्ये जाते, आणि एका मशिनची आग दोन मिनिटांत तीन ठिकाणी दिसते. म्हणून क्रम असा: ओरडून सूचना, ब्लोअर आणि कन्व्हेअर बंद, जिन बंद, मग फवारा. बंद करण्याचे बटण कुठे आहे हे फक्त फोरमनला माहीत असून चालणार नाही, त्या हॉलमधल्या प्रत्येक वॉर्डनला ते डोळे मिटून सापडले पाहिजे.

गाठींचे वेगळे आहे. सुमारे १७० किलोची दाबलेली गाठ बाहेरून विझलेली दिसते, पण आत विस्तव रेंगाळतो आणि दिवसांनंतरही पुन्हा भडकतो. संशयित गाठ शेडमध्ये फोडू नका, पट्ट्या कापल्या की आत हवा शिरते. ती मोकळ्या आवारात, इतर गाठींपासून दूर न्या. तिथे भिजवा आणि किमान पाच दिवस पहारा ठेवा. हात लावून कुठे ऊब लागते का, जळकट वास येतो का, हे दर पाळीला बघायचे आणि वहीत लिहायचे. ज्या दिवशी मशिनमध्ये ठिणगी पडली, त्या तासात बांधलेल्या सगळ्या गाठी संशयित धरा. एक-दोन गाठींचा माल वाचवायला गेले की अख्खे गोदाम जाते.

हंगामात आवारात कापूस घेऊन आलेले शेतकरी, ट्रॅक्टर, ट्रक असतात. केबिनमध्ये झोपलेला चालक किंवा क्लिनर, शेडमागच्या झोपड्यांतली कामगारांची मुले हे कोणाच्याच हजेरीपटावर नसतात. त्यांच्यासाठी एक स्वतंत्र वॉर्डन नेमा.

डाळ मिल, मिरची, प्लास्टिक, केळी: यांचे काय?

डाळ मिलमध्ये बारीक धूळ हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होऊ शकतो. पेटलेल्या धुळीवर पाण्याचा जोरदार झोत किंवा कॉम्प्रेसरची हवा मारू नका, हलका फवारा मारा. तुळयांवरची धूळ रोज काढणे हाच खरा उपाय.

मिरचीचा धूर डोळे आणि छाती बंद करतो. नंदुरबार, दोंडाईच्याकडच्या गोदामांत वॉर्डनने माणसे वाऱ्याच्या वरच्या बाजूला न्यावीत. एकच असेंब्ली पॉइंट (बाहेर जमायची जागा) ठरवून भागत नाही, विरुद्ध दिशेला दुसरा हवा.

चटई आणि पाइपांच्या कारखान्यात पेटलेले प्लास्टिक ठिबकत खाली येते आणि काळा विषारी धूर करते. धूर छताशी जमत दिसला की विझवण्याचा विचार सोडा आणि माणसे काढा. केळी पिकवण्याच्या खोल्यांचे इन्सुलेटेड पॅनल पेटले तरी हाच नियम. तिथे वापरला जाणारा इथिलीन वायू ज्वलनशील आहे, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बाहेरून बंद करता आला पाहिजे.

विजेच्या पॅनलला आग लागली, मेन बंद केला. आता पाणी मारू का?

थांबा. दोन गोष्टी लोक विसरतात. जनरेटर ऑटोवर असेल तर मेन पडताच तो आपोआप सुरू होतो आणि लाइन पुन्हा जिवंत होते. आणि छतावर सोलर पॅनल असतील तर दिवसा उन्हात त्यांच्या केबलमध्ये वीज राहतेच, मेन बंद असला तरी. म्हणून वॉर्डनला तीन स्विच माहीत हवेत: मेन, जनरेटर, सोलर. पॅनलवर सीओटू उत्तम. पावडरही चालते, पण ती इलेक्ट्रॉनिक भाग खराब करते.

आणखी एक: फायर पंपाची लाइन मेन स्विचच्या आधीच वेगळी घेतलेली असावी. नसेल तर मेन पाडताच पंपही बंद पडतो. इलेक्ट्रिशियनकडून हे आजच तपासून घ्या.

माणसे बाहेर काढताना भाग कसा तपासायचा?

आगीच्या जवळच्या जागेपासून सुरुवात करून दाराकडे या. शक्यतो दोघांनी मिळून. स्वच्छतागृह, माळा, थप्प्यांच्या मागची जागा, विश्रांतीची खोली आणि जिथे आवाजामुळे घंटा ऐकू येत नाही ती जनरेटर किंवा कॉम्प्रेसरची खोली ही राहून जाणारी ठिकाणे आहेत. बंद दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू दाराला वरपासून खालपर्यंत लावा. गरम लागले तर उघडू नका, तसे कळवा. तपासून झालेली खोली बंद करा, पण कुलूप लावू नका, आणि दारावर खडूने फुली मारा. धुरात वाकून किंवा रांगत चला, खाली हवा बरी असते. लिफ्ट वापरायची नाही. चप्पल, डबा, मोबाइल, गाडीची किल्ली यांसाठी कोणालाही परत जाऊ द्यायचे नाही.

घबराट आणि अफवा कशी आवरायची?

"आग! पळा!" एवढेच ओरडू नका. कुठे जायचे तेही सांगा: "मागच्या दाराने, वडाकडे चला." २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यातच, पाचोऱ्याजवळ परधाडे परिसरात, पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याच्या अफवेने प्रवासी खाली उतरले आणि शेजारच्या रुळावरून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. त्यात डझनभर जीव गेले. आग नव्हती, पण बाहेर पडण्याची जागा चुकली. कारखान्यातही गेटबाहेर महामार्ग असेल तर धावत सुटलेल्या माणसांना तसाच धोका असतो. म्हणून गेटवर एक माणूस उभा करणे हा सरावाचाच भाग धरा.

सूचना कोणत्या भाषेत द्यावी?

ज्या भाषेत तिथले लोक भांडतात आणि हसतात त्या भाषेत. अहिराणी बोलणाऱ्या हमालांच्या टोळीला "कृपया सर्वांनी इमारत रिकामी करावी" ही टेप ऐकवून उपयोग नाही. "आग लागनी, बाहेर निंघा!" हे लगेच पोहोचते. परप्रांतीय कामगार असतील तर हिंदी, नंदुरबारच्या बाजूला भिली किंवा पावरी बोलणारा वॉर्डन सोबत घ्या. फलकावर बाण, चित्र आणि मोठी अक्षरे असू द्या.

उन्हाळ्यात असेंब्ली पॉइंट कुठे ठेवायचा?

सावलीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. डांबरावर उघड्यावर दोनशे माणसे अर्धा तास उभी केली तर चक्कर येऊन पडतील, आणि वैतागलेली माणसे हजेरी न देताच निघून जातील. झाड किंवा शेड, पिण्याचे पाणी आणि बंबाच्या वाटेपासून अंतर, या तिन्ही गोष्टी बघा. मेन गेटसमोर गोळा होणे ही सर्वाधिक दिसणारी चूक आहे, बंब तिथेच अडतो. एप्रिल-मेमधला सराव सकाळी साडेआठच्या आत उरका.

भिंतीवर उन्हात टांगलेले सिलिंडरही सावलीत हलवा. पाण्याच्या टाकीचे मात्र वेगळेच दुखणे आहे. नळाला पाणी चार-आठ दिवसांनी येते, तेव्हा आगीसाठी राखलेले पाणी बाग आणि धुण्याला संपते. रोजच्या वापराच्या पाइपाचे तोंड टाकीत वरच्या पातळीवर ठेवा आणि फायर पंपाचे तळाशी, म्हणजे राखीव पाणी कोणाला उपसताच येणार नाही.

१०१ ला फोन करताना काय सांगायचे?

१०१ किंवा ११२, जखमी असतील तर १०८. कारखान्याचे नाव, गट नंबर किंवा प्लॉट नंबर, जवळची खूण, काय पेटले आहे, कोणी अडकले आहे का, कोणत्या गेटने यायचे, परत फोन करायचा नंबर. हे सारे फोनजवळ कागदावर लिहून चिकटवा, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही. समोरचा फोन ठेवेपर्यंत आपण ठेवू नका. एक माणूस मुख्य रस्त्यावर उभा करा.

कोणाच्या अंगावरचे कपडे पेटले तर?

पळू देऊ नका. खाली पाडा, लोळवा, सुती गोधडी किंवा घोंगडी गुंडाळा. भाजलेल्या जागेवर २० मिनिटे साधे वाहते पाणी. शाई, टूथपेस्ट, हळद काही लावायचे नाही. चिकटलेला कपडा ओढायचा नाही.

मॉक ड्रिल किती वेळा?

आमचा सल्ला: पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, नंतर दर सहा महिन्यांनी. राष्ट्रीय बांधकाम संहितेत उंच इमारतींसाठी हेच वेळापत्रक आहे आणि कारखान्यालाही ते धरणे योग्य. जिनिंगने हंगाम सुरू होताच, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एक घ्यावा, कारण तेव्हा निम्मी माणसे नवी असतात. १४ ते २० एप्रिलचा अग्निशमन सेवा सप्ताहही सोयीचा. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाच्या स्फोटात मृत्युमुखी पडलेल्या अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ तो पाळला जातो.

पहिला सराव सांगून घ्या, दुसरा न सांगता. रात्रपाळीचाही एक घ्या. एकदा नेहमीचे दार मुद्दाम बंद ठेवा, लोक दुसरीकडे वळतात का ते कळेल. घंटा वाजल्यापासून शेवटचा वॉर्डन अहवाल देईपर्यंतचा वेळ लिहा. "सगळे आले" हा अहवाल नाही. हजेरीचा आकडा, हजर आकडा, फरक आणि फरकातली नावे, असा अहवाल हवा.

दर महिन्याला वॉर्डनने काय तपासावे?

सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिन व सील आहे का, होज उंदरांनी कुरतडला का, नोझलमध्ये गांधीलमाशीने घर केले का. सीओटूला काटा नसतो, तो वजन करूनच कळतो. भरलेल्या वायूच्या वजनात १० टक्क्यांपेक्षा जास्त घट आली की भरायला पाठवा. कुठूनही सिलिंडरपर्यंत १५ मीटरपेक्षा जास्त चालावे लागू नये. दरवाजे, दिवे आणि घंटा त्याच फेरीत बघून घ्या.

कायद्याला काय लागते?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. परवानाधारक एजन्सीकडून तपासून घेतलेले नमुना 'ब'मधील प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करावे लागते. कारखान्यांना त्याशिवाय नोव्हेंबर २०२५ पर्यंत कारखाने अधिनियम, १९४८ चे कलम ३८ लागू होते (आता त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली आहे). त्या कलमात हे होते: आगीपासून सुटकेची सुरक्षित वाट, विझवण्याची साधने आणि कामगारांना त्याची माहिती. प्रशिक्षणाची सहीनिशी हजेरी, फोटो आणि सरावाची नोंद फाइलला लावा. मात्र प्रमाणपत्र यंत्रणेचे असते. माणसे तयार आहेत की नाहीत, ते सरावातच दिसते.

वॉर्डनने प्रयत्न सोडून मागे कधी फिरायचे?

पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली तर लगेच: एक सिलिंडर संपला आणि आग तशीच आहे, ज्वाला छाती किंवा डोक्याच्या उंचीला गेली, धूर छातीपर्यंत उतरला, गॅस सिलिंडर किंवा रसायनाचे ड्रम आगीजवळ आहेत, पाठीमागची वाट बंद होऊ लागली. आत कोणी राहिल्याची शंका असली तरी धुरात एकट्याने परत शिरू नका. त्या माणसाचे नाव आणि तो शेवटी दिसलेली जागा बंबाच्या प्रमुखाला तोंडी सांगा आणि नकाशावर बोट ठेवून दाखवा. तो नकाशा आणि किल्ल्यांचा जुडगा आतल्या ऑफिसच्या कपाटात न ठेवता गेटवरच्या केबिनमध्ये टांगलेला असावा.